वाचकांचे प्रश्न : डिव्हीडीवरून लिनक्स टाकताना जुना लॅपटॉप नेमका कुठं अडतो?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून या सदराकडं येणाऱ्या पत्रांत आणि मेसेजमध्ये एकच विषय फार दिसतोय. घरात दहा-पंधरा वर्षांचा लॅपटॉप आहे, त्याच्यावर विंडोज ११ चालत नाही, कुणीतरी सांगितलं विंडोजच्या जागी लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाका, टाकायला बसलो आणि मधेच अडलं. आपल्या सांगली-मिरजेकडं बरेच जण अजून डिव्हीडीवरूनच टाकतात, कारण लॅपटॉपला ड्राइव्ह आहे, कपाटात कोऱ्या डिव्हीडी पडून आहेत आणि पेन ड्राइव्हवरून बूट करायची, म्हणजे लॅपटॉप सुरू करायची, कधी वेळ आलेली नाही. त्यात काही वावगं नाही, डिव्हीडीवरून लिनक्स आजही व्यवस्थित पडतं.

पण नव्वद टक्के पत्रांत नुसतं "होत नाही" एवढंच असतं आणि त्याच्या पुढं "दुसरं कुठलं लिनक्स घेऊ?" असा प्रश्न असतो. एसटी बंद पडली म्हटल्यावर आपण आधी विचारतो कुठं बंद पडली, तसं इथं विचारायला पाहिजे. स्क्रीनवर शेवटी काय दिसत होतं, लोगो आला होता का, मेनू आला होता का, एवढं कळलं तरी निम्मं काम होतं. म्हणून अडलं की आधी मोबाईलनं स्क्रीनचा फोटो काढा, मग काय करायचं ते करा. यावेळी ज्यांनी अशी माहिती नीट कळवली त्यांचे प्रश्न घेतलेत.

प्रश्न (मिरज) : माझ्याकडं २०१० च्या सुमाराचा लॅपटॉप आहे, कोअर टू ड्युओ, तीन जीबी रॅम. लिनक्स मिंट (लिनक्सचा एक प्रकार) डाउनलोड करून ओळखीच्या दुकानातून डिव्हीडीवर घालून घेतलं. मेनू येतो, स्टार्ट मिंट केलं की लोगो येतो, मग बराच वेळ ड्राइव्ह घर्रघर्र करतो, आणि काळ्या स्क्रीनवर "बफर आय-ओ एरर", "एसआर०" असल्या ओळी एकाखाली एक येतात आणि शेवटी "इनिटरॅमएफएस" लिहून तिथंच थांबतं. दुसरी डिव्हीडी केली, तेच. दुकानदार म्हणतो लॅपटॉप जुना आहे, त्याला लिनक्स झेपत नाही. खरंच झेपत नाही का?

उत्तर : झेपतं की, शंभर टक्के झेपतं. तुम्ही त्या ओळी जशाच्या तशा लिहून पाठवल्या म्हणून एवढं ठाम सांगू शकतो.

लॅपटॉप जिथपर्यंत पोचला त्याच्यावरून बघा. मेनू आला म्हणजे डिव्हीडी बरोबर पद्धतीनं बर्न झालीय आणि बायोस (लॅपटॉप चालू होताना पहिल्यांदा चालणारा प्रोग्रॅम) तिला ओळखतोय. लोगो आला म्हणजे कर्नल (लिनक्सचा गाभा) मेमरीत चढला, म्हणजे तुमचा प्रोसेसर ६४ बिट आहे आणि मिंटला चालतोय. इथपर्यंत डिस्कवरून वाचायचा भाग थोडासाच असतो. खरं ओझं त्याच्या पुढं आहे. सगळी सिस्टिम एका मोठ्या दाबून बसवलेल्या फाइलीत असते, दोन जीबीच्या वर, आणि ती फाइल वाचताना तुमचा ड्राइव्ह अडखळतोय. एसआर० म्हणजे लिनक्सच्या भाषेत तुमचा डिव्हीडी ड्राइव्ह. बफर आय-ओ एरर म्हणजे मागितलेला डेटा त्या ड्राइव्हनं दिला नाही. ती फाइल मिळाली नाही म्हणून कर्नल बिचारा इनिटरॅमएफएस नावाच्या छोट्या खोलीत अडकून बसलाय. यात रॅमचा संबंध नाही, प्रोसेसरचा नाही आणि मिंटचा तर अजिबात नाही. उद्या तुम्ही दुसरं लिनक्स आणून त्याच ड्राइव्हमध्ये तशीच डिव्हीडी घातली तर तेही तिथंच अडणार.

आता कारणं तीनच उरतात, डाउनलोड अर्धवट किंवा खराब, बर्न खराब, नाहीतर ड्राइव्ह थकलाय. याच क्रमानं तपासा, उलटं करू नका, कारण पहिल्या तपासणीला एक रुपया लागत नाही.

डाउनलोड तपासायचं म्हणजे आयएसओ फाइलचा (मिंटची उतरवलेली फाइल) एसएचए-२५६ आकडा, म्हणजे तिची ओळख पटवणारी खूण, काढायचा आणि मिंटच्या साइटवर दिलेल्या आकड्याशी जुळवायचा. विंडोजमध्ये सेव्हन-झिप टाकलेलं असेल तर फाइलवर राइट क्लिक केलं की एसएचए असा पर्याय दिसतो, त्यात २५६ निवडा, ६४ अक्षरांची ओळ येईल. सुरुवातीची आणि शेवटची अक्षरं बघून सोडू नका, पूर्ण ओळ जुळवा. एक अक्षर जरी वेगळं निघालं तरी ती फाइल डिलीट करून परत उतरवायची. आपल्याकडं मोबाईलच्या हॉटस्पॉटवर तीन जीबीची फाइल उतरवताना रेंज गेली की असं होतं, आणि फाइलचा साइझ वरवर बघता बरोबरच वाटतो.

आकडा जुळला तर बर्नकडं या. दुकानात घाई असते, जास्तीत जास्त स्पीडला डिव्हीडी जाळून देतात, ती नवीन ड्राइव्हला चालते आणि जुन्याला चालत नाही. त्यांना सांगा किंवा घरी इमगबर्नसारख्या प्रोग्रॅममध्ये स्वतः करा, स्पीड ४एक्स नाहीतर ८एक्स ठेवा आणि व्हेरिफायवर टिक करा. डिव्हीडी आर घ्या, आरडब्ल्यू नको. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्कवरून प्रकाश कमी परत येतो त्यामुळं थकलेल्या लेझरला ती वाचायला जड जाते. कोरी डिस्क फार जुन्या स्टॉकमधली किंवा ओल लागलेल्या कपाटातली असेल तर तिच्यावर वेळ घालवू नका. मिंटच्या डिव्हीडीच्या सुरुवातीच्या मेनूत इंटिग्रिटी चेक नावाचा पर्याय असतो, तो एकदा चालवा, वेळ लागतो पण डिस्क पूर्ण वाचली जाते का ते तिथंच कळतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तीच डिव्हीडी दुसऱ्या कुणाच्या तरी लॅपटॉपवर बूट करून बघा. तिथं डेस्कटॉपपर्यंत गेली आणि तुमच्याकडं नाही गेली, की निकाल लागला, ड्राइव्ह थकलाय. मग तिसरी-चौथी डिव्हीडी जाळायची गरज नाही. लॅपटॉपचा ट्रे बाहेर ओढलात तर ट्रेवरच एक बारीक काचेचा मणी दिसेल, हरभऱ्याच्या डाळीपेक्षाही लहान, तीच लेन्स. आपल्याकडच्या धुळीनं तिच्यावर थर बसतो. मोबाईल रिपेअरवाल्याकडं आयपीए लिक्विड मिळतं, त्यात कापसाची काडी किंचित ओली करून लेन्सवरून अलगद फिरवायची, अजिबात दाबायचं नाही कारण ती लेन्स बारीक तारांवर लटकलेली असते, आणि पूर्ण वाळल्याशिवाय ट्रे आत ढकलायचा नाही. पुष्कळदा एवढ्यावर काम होतं.

नाही झालं तर पेन ड्राइव्हवर या, २०१० चा लॅपटॉप यूएसबीवरून बूट होतो. रुफस किंवा एचर यांपैकी एक प्रोग्रॅम वापरून आयएसओ पेन ड्राइव्हवर लिहायची, नुसती कॉपी करायची नाही, आणि पेन ड्राइव्हमधलं आधीचं सगळं पुसलं जातं हे लक्षात ठेवा. ज्यांचा लॅपटॉप त्याच्याही आधीचा आहे आणि यूएसबीवरून बूट होतच नाही त्यांच्यासाठी प्लॉप नावाचा छोटा बूट मॅनेजर आहे, तो साध्या सीडीवर मावतो, सीडीवरून तो सुरू करायचा आणि त्याच्या मेनूतून यूएसबी निवडायचं. थकलेला ड्राइव्ह एवढं थोडं वाचू शकतो.

ड्राइव्ह थकलाय म्हणून लॅपटॉप टाकाऊ होत नाही हो. लिनक्स एकदा हार्डडिस्कवर पडलं की डिव्हीडी ड्राइव्हचं काही काम राहत नाही. आणि इन्स्टॉल न करता डिव्हीडीवरूनच चालणारं लाइव्ह लिनक्स बघून "किती स्लो आहे" असं ठरवू नका, ८एक्स ला डिव्हीडी सेकंदाला जेमतेम अकरा एमबी देते, प्रत्येक क्लिकला ती गरागरा फिरवून वाचावं लागतं. हार्डडिस्कवर पडल्यावर तोच लॅपटॉप वेगळा वाटेल, तुमच्या तीन जीबी रॅमला मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या.

प्रश्न (पलूस) : डिव्हीडी घातली तरी लॅपटॉप सरळ विंडोजमध्येच जातो. विंडोजमध्ये डिव्हीडी उघडली तर आत एकच मोठी फाइल दिसते, आयएसओ नावाची. आता उबुंटू (हेही एक लिनक्स) घ्यायचा विचार आहे. काय करू?

उत्तर : उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे, आत एकच फाइल दिसते म्हणजे आयएसओ डिव्हीडीवर कॉपी केलीय, बर्न केलेली नाही. आयएसओ हा पूर्ण डिस्कचा साचा असतो, तो उलगडून लिहावा लागतो. विंडोज ७ पासून पुढं फाइलवर राइट क्लिक केलं की बर्न डिस्क इमेज असा पर्याय येतो, त्यानं करा. बरोबर झाली की आत भरपूर फोल्डर दिसतील.

मग बूट मेनूचं बटण. डेल, लेनोव्हो आणि तोशिबाला बहुतेक एफ१२, एचपीला एस्केप दाबून मग एफ९, असूसला एस्केप. एसरलाही एफ१२ च आहे पण तो पर्याय आधी एफ२ दाबून बायोसमध्ये चालू करावा लागतो, नाहीतर कितीही दाबा काही होत नाही. बटण दाबून धरू नका, लॅपटॉप चालू केल्या केल्या टकटक दाबत राहा.

अजून एक, तुम्ही उबुंटू घेताय असं लिहिलंय. उबुंटू २४.०४ ची आयएसओ साडेपाच जीबीच्या पुढं आहे आणि साध्या डिव्हीडीत ४.७ जीबीच मावतं. ती बसणारच नाही. मिंट तीन जीबीच्या आसपास आहे, ते घ्या, आतून ते उबुंटूवरच उभं आहे.

प्रश्न (विटा) : मेनू आला, लोगो आला, डिव्हीडी व्यवस्थित फिरली, मग स्क्रीन पूर्ण काळी. एररची एक ओळ पण नाही. फॅन चालू आहे. विंडोज वाजतं तसा एक आवाज पण आला. लॅपटॉपला एनव्हिडियाचं कार्ड आहे, मुलानं गेमसाठी घेतला होता.

उत्तर : आवाज आला हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत, त्याचा अर्थ लिनक्स आत पूर्ण चालू झालंय आणि नुसतं तुम्हाला दिसत नाही. डिव्हीडी ठीक, ड्राइव्ह ठीक, अडचण ग्राफिक्स कार्डची.

लॅपटॉप बंद करून परत डिव्हीडीवरून चालू करा आणि मेनूत कम्पॅटिबिलिटी मोड निवडा. त्यानं आलं तर उत्तमच. नाही आलं तर मेनूत पहिल्या ओळीवर थांबून कीबोर्डवरचं ई दाबा, काही डिस्कवर ई ऐवजी टॅब लागतं. थोडा मजकूर उघडेल, त्यात क्वाएट आणि स्प्लॅश असे दोन शब्द शोधा, ते खोडून त्या जागी नोमोडसेट लिहा. स्पेलिंग एन, ओ, एम, ओ, डी, ई, एस, ई, टी, सगळं छोट्या लिपीत आणि मधे जागा न सोडता. मग एफ१० दाबा, टॅबवाल्या डिस्कला एंटर. या शब्दानं कर्नलला सांगितलं जातं की ग्राफिक्स कार्डाच्या नादाला लागू नको, साधं चित्र दाखव. स्क्रीन जरा मोठी-ढोबळ दिसेल, घाबरू नका, इन्स्टॉल करून घ्या.

इथं पुष्कळ लोक फसतात ते पुढच्या पायरीला. इन्स्टॉल झालं, डिव्हीडी काढली, रीस्टार्ट केलं आणि परत काळं. कारण तो शब्द तुम्ही फक्त डिव्हीडीच्या बूटला दिला होता. रीस्टार्ट होताना शिफ्ट दाबून धरा, ग्रबचा (लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचा) मेनू येईल, तिथं परत तेच करा आणि आत गेल्यावर ड्रायव्हर मॅनेजर उघडून कार्डाला कुठला ड्रायव्हर सुचवतोय ते बघा. फार जुन्या कार्डांसाठी एनव्हिडियाचा ३४० मालिकेतला ड्रायव्हर होता, त्याचा सपोर्ट २०१९ च्या शेवटी संपला, त्यामुळं तिथं काहीच सुचवलेलं नसेल तर लिनक्ससोबत येणाऱ्या नूव्हो ड्रायव्हरवर चालवायचं, आणि त्यालाही जमत नसेल तर नोमोडसेट कायमचं ठेवायचं. ब्राउझर, लिखापढी, व्हिडिओ एवढ्याला चालतं, गेमची अपेक्षा ठेवू नका.

प्रश्न (कवठेमहांकाळ तालुका) : आमच्याकडं लाईटचा भरवसा नाही आणि लॅपटॉपची बॅटरी पूर्ण मेलीय, चार्जर काढला की लगेच बंद. लिनक्स टाकताना मधेच लाईट गेली तर लॅपटॉप कायमचा जाईल का?

उत्तर : लॅपटॉप जाणार नाही. मशीनला काही होत नाही, प्रश्न डिस्कवरच्या डेटाचा आहे, आणि तोही लाईट कुठल्या वेळी गेली त्याच्यावर आहे.

पूर्ण डिस्क पुसून नुसतं लिनक्स टाकत असाल आणि फाइली कॉपी होताना लाईट गेली तर काही नुकसान नाही, लाईट आली की पहिल्यापासून परत सुरू करायचं. ग्रब बसताना गेली तर लॅपटॉप बूट होणार नाही, पण डिव्हीडी हातात आहे, परत टाकता येतं. धोक्याची वेळ एकच, विंडोज शेजारी ठेवून तुम्ही इन्स्टॉलरला सांगितलं की विंडोजचं पार्टिशन (डिस्कवरचा त्याचा भाग) लहान कर. त्या वेळी आतला डेटा जागेवरून हलत असतो, तेव्हा लाईट गेली तर विंडोजही जाऊ शकतं आणि त्यातले फोटो, कागदपत्रंही. म्हणून ज्यांच्याकडं लाईटचा खेळ आहे त्यांनी पार्टिशन लहान करायचं काम वेगळं, आदल्या दिवशी, विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून करावं आणि इन्स्टॉलच्या वेळी ते शिल्लक ठेवूच नये. त्याच्याही आधी डेटाची कॉपी बाहेर.

घरात इन्व्हर्टर असेल तर लॅपटॉप त्याच्या लाइनवर लावा. बऱ्याच इन्व्हर्टरला मागं एक बटण असतं, यूपीएस मोडचं, ते चालू करा. साध्या मोडमध्ये लाईट जाऊन इन्व्हर्टर पकडेपर्यंत क्षणभर खंड पडतो, पंख्याला तो कळत नाही पण बॅटरी मेलेला लॅपटॉप तेवढ्यात बंद पडू शकतो. इन्व्हर्टर नसेल तर आपल्या फीडरला सलग लाईट कधी असते ते गावातल्या माणसाला बरोबर माहीत असतं, ती वेळ धरा. इन्स्टॉल करताना इंटरनेट जोडू नका म्हणजे अपडेट उतरवण्यात वेळ जात नाही, ते नंतर सावकाश करता येतं.

प्रश्न (गणपती पेठ, सांगली) : दुकानाचा हिशेब टॅलीवर आहे म्हणून विंडोज ७ ठेवायचंय, शेजारी लिनक्स हवंय, मुलांच्या अभ्यासाला आणि बँकेच्या कामाला. एचपीचा लॅपटॉप आहे. सी ड्राइव्ह लहान करून साठ जीबी मोकळी केली, पण लिनक्सचा इन्स्टॉलर त्या जागेला अनयूजेबल म्हणतो. जागा आहे तरी वापरता का येत नाही?

उत्तर : ताई, जागा चांगली आहे, अडचण नंबरांची आहे. त्या काळच्या लॅपटॉपच्या डिस्कवर एमबीआर पद्धतीचं टेबल असतं आणि त्यात मुख्य पार्टिशन चारच लिहिता येतात. तुमच्या एचपीमध्ये ते चारही नंबर कंपनीतूनच भरून आलेत, सिस्टिम, सी ड्राइव्ह, रिकव्हरी आणि एचपी टूल्स. पाचव्याला नोंदायला ओळच नाही म्हणून इन्स्टॉलर हात वर करतो.

यातलं एचपी टूल्स हे शंभर एमबीच्या आसपासचं, तपासणीच्या प्रोग्रॅमचं पार्टिशन आहे, त्याच्यातल्या फाइली एका पेन ड्राइव्हवर घ्या आणि ते डिलीट करा. आता तीन उरले. लिनक्सच्या डिव्हीडीवरून लाइव्ह चालू करून जीपार्टेड हा पार्टिशन करायचा प्रोग्रॅम उघडा आणि तुमच्या साठ जीबीच्या मोकळ्या जागेत एक एक्स्टेंडेड पार्टिशन करा. एक्स्टेंडेडच्या पोटात पाहिजे तेवढी पार्टिशन होतात आणि लिनक्सला त्यात राहायला काही अडचण नसते.

एका ठिकाणी मात्र फार सांभाळा. हेच पाचवं पार्टिशन विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून करायला गेलात तर विंडोज विचारतं, डिस्क डायनॅमिक करू का? तिथं यस करू नका. एकदा डायनॅमिक झाली की लिनक्स तिथं टाकणं फार अवघड होऊन बसतं आणि मागं फिरायचं तर सगळं पुसायची पाळी येते.

आणि या सगळ्याच्या आधी टॅलीच्या डेटाचा बॅकअप घ्या, तोही लॅपटॉपच्या बाहेर आणि शक्यतो दुकानाच्याही बाहेर. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानं आपल्या पेठेत काय केलं ते तुम्हाला मी सांगायला नको. पार्टिशनचं काम शंभरदा नीट होतं आणि एखाद्या वेळी जुनी डिस्क मधेच मान टाकते. लाइव्ह लिनक्समध्ये डिस्क्स नावाचा प्रोग्रॅम मिळाला तर त्यात स्मार्ट डेटा (डिस्कची तब्येत सांगणारे आकडे) बघून घ्या, रीअलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टरच्या समोर शून्य असेल तर पुढं जा, आकडा असेल आणि वाढत असेल तर आधी डिस्क बदला. अडीच इंची साटा एसएसडी त्याच जागी बसते आणि जुन्या लॅपटॉपला याच्याइतका फरक दुसऱ्या कशानं पडत नाही. बँकेचं काम लिनक्समधूनच करा, विंडोज ७ ला सिक्युरिटी अपडेट जानेवारी २०२० पासून बंद आहेत, ते टॅलीपुरतं नेट न जोडता वापरा.

प्रश्न (जत) : "कर्नल रिक्वायर्स एक्स८६-६४" असं काहीतरी येऊन लगेच थांबतं. एक जीबी रॅम आहे, लॅपटॉप भावानं पुण्याहून आणलेला, फार जुना.

उत्तर : तुमचा प्रोसेसर ३२ बिट आहे आणि डिव्हीडी ६४ बिटची. डिव्हीडी किंवा ड्राइव्हची काही तक्रार नाही. डेबियन हे आणखी एक लिनक्स, त्याच्या डेबियन १२ मध्ये ३२ बिटचा इन्स्टॉलर होता, ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये तो काढलाय. त्यामुळं डेबियन १२ नाहीतर अँटिएक्सची ३२ बिट आवृत्ती घ्या, अँटिएक्स अशाच हलक्या मशीनसाठी बनवतात. प्रोसेसर पेंटियम एम असेल आणि पीएई (प्रोसेसरची एक सोय) नाही अशी तक्रार आली तर बूटच्या ओळीत फोर्सपीएई हा शब्द देऊन बघा, वर विट्याच्या वाचकांना सांगितलं तसाच. पण खरं सांगतो, एक जीबी रॅमवर आजच्या वेबसाइट चालवायला बसलात तर वैताग येईल. टायपिंग, गाणी, पोरांना कीबोर्डची ओळख, एवढ्यासाठी ठेवा, आणि रॅमची पट्टी जुन्या बाजारात मिळत असेल तर दोन जीबी करून घ्या.

प्रश्न (तासगाव) : मी शिक्षिका आहे. मिंट पडलं, छान चाललंय, पण वायफाय दिसतच नाही, आणि केबलनं नेट जोडलं तरी साइट उघडत नाहीत, सर्टिफिकेटची तक्रार येते. अपडेटही होत नाही. शिवाय मराठी टायपिंग कसं करायचं?

उत्तर : ताई, आधी स्क्रीनवरची तारीख बघा. २००९-१० अशी जुनी तारीख दिसत असेल तर साइट न उघडायचं कारण तेच आहे. साइटच्या सर्टिफिकेटला मुदत असते, लॅपटॉप समजतोय आपण कितीतरी वर्षं मागं आहोत, मग त्याला ते सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नाही असं वाटतं, आणि अपडेटची यादीही त्याच कारणानं नाकारली जाते. तारीख-वेळ बरोबर करा, साइट लगेच उघडतील. बंद करून चालू केल्यावर तारीख परत मागं जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय. तो स्वस्त असतो पण काही लॅपटॉपमध्ये त्याला वायर आणि पिन जोडलेली असते, तेव्हा जुना काढून दुकानात नेऊन दाखवा आणि तसाच आणा.

वायफायचं कार्ड ब्रॉडकॉमचं असायची दाट शक्यता आहे, त्याचा ड्रायव्हर आपोआप येत नाही. केबल लावलेलीच ठेवा, केबल नसेल तर मोबाईल चार्जिंगच्या वायरनं लॅपटॉपला जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, आणि ड्रायव्हर मॅनेजर उघडा. तिथं ब्रॉडकॉमचं नाव येईल, ते निवडून अप्लाय करा आणि रीस्टार्ट.

मराठीसाठी वेगळं काही उतरवायला लागत नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट वाढवायचा, भारतीय भाषांमध्ये मराठी शोधायची, तिथं इनस्क्रिप्ट आहे आणि कागपा नावाचा फोनेटिकही आहे. मोबाईलवर इंग्रजी अक्षरांतून मराठी टाइप करायची सवय असेल तर कागपा घ्या, दोन-चार दिवसांत हात बसतो. शाळेच्या जुन्या प्रश्नपत्रिका युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये असतील तर विंडोजमधली ती फॉन्टची फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन इकडं होम फोल्डरमध्ये फॉन्टच्या जागी ठेवा, लिब्रेऑफिसमध्ये त्या वाचता येतील. नवीन लिहायचं ते मात्र युनिकोडमध्येच लिहा, म्हणजे मुलांच्या मोबाईलवरही तसंच्या तसं दिसेल.